मागच्या तारखेचा नियम आम्ही मानणार नाही

आमच्या फँटसी हॉकी लीगचे कमिशनर, नियम समितीचे तिन्ही सदस्य आणि आमचे सगळे सहकारी मॅनेजर यांना उद्देशून हा जाहीर इशारा आहे. मायनरमधल्या खेळाडूंबाबतचा जो नियमबदल ३ ऑगस्टच्या बैठकीत मंजूर झाल्याचं आम्हाला कळवण्यात आलं, तो आहे तसा, म्हणजे आज आमच्या यादीत असलेल्या खेळाडूंनाही लावला, तर चौदापैकी सहा संघ या लीगमधून बाहेर पडतील. उत्तरासाठी मुदत १५ सप्टेंबर २०२५ ही आहे. ती वाढवून मिळणार नाही.

घरातलं भांडण छापायला का दिलं, असं काही जण विचारतील. ऑगस्टभर आम्ही फोन केले, पत्रं लिहिली, एकत्र बसायची विनंती केली. समितीने शेवटी ‘विषय संपला आहे’ एवढंच कळवलं. शिवाय ही लीग आता आमच्यापुरती उरलेली नाही. टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, एडमंटन इथल्या मराठी मंडळींनी नंतर ज्या लीगा सुरू केल्या त्यांनी आमचीच नियमावली जशीच्या तशी उचलली. इथे जे खपेल ते उद्या तिथेही खपेल. म्हणून जे म्हणायचं ते चारचौघांत म्हणतो आहोत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फँटसी म्हटलं की महाराष्ट्रात ड्रीम११ डोळ्यांपुढे येतं: सामन्याआधी अकरा नावं निवडायची, सामना संपला की हिशेब संपला. आमच्या लीगमध्ये संघ वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतो. नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, खरे खेळाडू आमच्या चौदा संघांत वाटलेले आहेत. त्यांनी बर्फावर केलेले गोल, दिलेले पास, अडवलेले फटके यांचे गुण आम्हाला मिळतात. मुख्य यादी तेवीस जणांची. त्याखेरीज प्रत्येक संघाकडे मायनरची वेगळी यादी असते. जूनमधल्या एनएचएल ड्राफ्टमध्ये निवडली गेलेली अठरा वर्षांची पोरं आम्ही आमच्या ड्राफ्टमध्ये घेतो आणि या यादीत ठेवतो. त्यातली बरीचशी पुढची काही वर्षं ज्युनिअरमध्ये, कॉलेजात, युरोपात किंवा एनएचएलच्या खालच्या पायरीवर, अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, घाम गाळत असतात. आपल्याला त्यांचा एकही गुण मिळत नाही. तरी आपण त्यांना धरून ठेवतो, कारण त्यातला एखादा कधीतरी वर येतो. या लीगचा सगळा जीव त्या धरून ठेवण्यात आहे.

आजवरचा नियम असा होता. मायनरच्या बारा जागा. स्केटर, म्हणजे गोलरक्षक सोडून बाकी कुणीही, एनएचएलचे ८२ सामने खेळेपर्यंत तिथे राहू शकतो. गोलरक्षक ४१ सामने खेळेपर्यंत. वयाची अट नाही. यातला ८२ हा आकडा हवेतून आलेला नव्हता, एनएचएलचा एक पूर्ण हंगाम तेवढ्या सामन्यांचा असतो. गोलरक्षकाला प्रत्येक सामन्यात उतरवत नाहीत, म्हणून त्याला निम्मे.

नव्या नियमात जागा सहा. स्केटरला २५ सामने, गोलरक्षकाला १०. आणि ३० सप्टेंबरला ज्याला तेवीस वर्षं पूर्ण झाली असतील तो मायनरमध्ये चालणार नाही, मग तो एनएचएलचा एकही सामना खेळलेला नसला तरी. जास्तीचे खेळाडू त्या दिवसाच्या आत मुख्य यादीत घ्यायचे, नाहीतर सोडायचे. मुख्य यादी सगळ्यांचीच भरलेली आहे, तेव्हा सोडायचेच. सोडलेल्या खेळाडूंवर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बंद बोली लागणार.

आता बघा, कुणाचं काय जातं. ज्या संघांनी गेल्या तीन-चार वर्षांत आपली पोरं विकून तयार, गुण देणारे खेळाडू घेतले, त्यांच्या मायनरमध्ये आज चार-पाच नावं आहेत. त्यांना एकही खेळाडू सोडावा लागत नाही. ज्यांनी उलट केलं, म्हणजे चांगले खेळाडू देऊन पोरं घेतली, तळाला राहून वाट पाहिली, त्यांची अर्धी यादी रिकामी होते, आणि ती भरून घ्यायला पहिल्या गटाकडे मायनरमध्ये जागाही मोकळी आहे आणि बोलीचे पैसेही. नियम समितीतल्या तिघांचेही संघ पहिल्या गटात आहेत. त्यांच्या हेतूबद्दल आम्ही काही बोलत नाही. पण ही गोष्ट नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आणि ती पोरं त्यांनी विकली कुणाला? आम्हाला. ट्रेड झाले तेव्हा दोन्ही बाजूंनी बारा जागा आणि ८२ सामने धरूनच किंमत ठरवली होती. त्यांनी आमच्याकडून घेतलेल्या खेळाडूंच्या जोरावर दोन-दोन हंगाम वरचे क्रमांक मिळवले, ते त्यांचे राहिले. आम्हाला त्या बदल्यात जे मिळालं ते मात्र आता बोलीवर ठेवायचं. गावाकडे याला बांध कोरणं म्हणतात. शेजाऱ्याची जमीन सातबाऱ्यावर त्याचीच राहते, फक्त दर पावसाळ्यात नांगराचं एक तास पलीकडे सरकतं. इथे एकाच पावसात अर्धं शेत गेलं.

समितीचं म्हणणं असं की २५ सामन्यांची मर्यादा आम्ही मनाने ठरवलेली नाही, ती एनएचएलचीच आहे. खरं आहे. सर्वोत्तम नवोदिताला मिळणाऱ्या कॅल्डर ट्रॉफीसाठी खेळाडू आधीच्या कुठल्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने खेळलेला चालत नाही. पण कॅल्डरचा नियम उसना घ्यायचा तर तो पूर्ण घ्या. त्याच नियमात वयाची अटही आहे आणि ती सव्वीसची आहे, तेवीसची नाही. ती अट आली कशी, तेही सांगायला हवं, कारण आमच्या तक्रारीचं उत्तर त्यातच आहे.

सर्गेई माकारोव्ह हा सोव्हिएत संघाचा मोठा खेळाडू. कॅल्गरी फ्लेम्सने त्याला १९८३ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या फेरीत, २३१ व्या क्रमांकावर निवडून ठेवलं होतं. सोव्हिएत व्यवस्था त्याला सोडेल असं तेव्हा कुणालाही वाटत नव्हतं. १९८९ मध्ये तो कॅल्गरीला आला. पहिल्याच हंगामात ८६ गुण केले आणि एकतिसाव्या वर्षी नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी जिंकला. मोठी ओरड झाली. जगज्जेतेपदं आणि ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला माणूस नवोदित कसा? प्रश्न रास्त होता. लीगने नियम बदलला आणि सव्विशीची अट घातली. पण माकारोव्हची ट्रॉफी काढून घेतली नाही. १९९० च्या रकान्यात आजही त्याचंच नाव आहे. तो ज्या नियमाखाली खेळला त्या नियमाने जिंकला, पुढच्यांना पुढचा नियम. आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

एनएचएलकडून शिकायचंच असेल तर आणखीही सांगता येईल. तरुण खेळाडूला वेव्हरवर न टाकता, म्हणजे दुसऱ्या संघांना तो उचलायची संधी न देता, खाली पाठवण्याची मुभा संघांना असते. अठराव्या वर्षी करार केलेल्या स्केटरसाठी ती सर्वसाधारणपणे पाच वर्षं किंवा १६० सामने असते, गोलरक्षकासाठी सहा वर्षं किंवा ८० सामने. म्हणजे खऱ्या संघांना आपली पोरं जितकी सांभाळता येतात त्याच्या साधारण निम्मीच सवलत आमचा जुना ८२ आणि ४१ चा नियम देत होता. त्याला समिती ‘अवाजवी’ म्हणते. २०१७ मध्ये व्हेगासचा आणि २०२१ मध्ये सिएटलचा नवा संघ उभा करायचा होता तेव्हा बाकीच्या संघांच्या यादीतून माणसं काढून घ्यावी लागली. तरीही पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या व्यावसायिक खेळाडूंना आणि करार न झालेल्या ड्राफ्टमधल्या पोरांना हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. आणि व्हेगासच्या वेळी ते सगळं वर्षभर आधी, २०१६ च्या जूनपासून, प्रत्येक संघाला माहीत होतं. त्या वर्षात त्यांनी आपापली व्यवस्था केली.

अगदी या उन्हाळ्यातलं पाहा. एनएचएल आणि खेळाडूंची संघटना यांचा नवा करार जुलै २०२५ मध्ये मंजूर झाला. हंगाम ८४ सामन्यांचा होणार, कराराची कमाल मुदत आठ वर्षांवरून सात होणार, ज्युनिअरमधल्या एकोणीस वर्षांच्या एकेका खेळाडूला एएचएलमध्ये पाठवायची वाट मोकळी करण्याची दिशाही ठरली. लागू कधी? सप्टेंबर २०२६ पासून. चौदा महिन्यांची सूचना. आमच्या समितीने आठ आठवड्यांची दिली, आणि तीही कधी? जुलैमधला आमचा ड्राफ्ट उरकल्यावर. बारा जागा धरून आम्ही पोरं निवडली, आणि महिना व्हायच्या आत सहा जागा गेल्या. हा नियम जूनमध्ये सांगितला असता तर आमच्यापैकी निम्म्यांनी त्या निवडी विकल्या असत्या. तेव्हा तो का सांगितला नाही, याचं उत्तर समितीने दिलेलं नाही.

बैठकीत एका सदस्याने रॉबर्टो लुआँगोचं उदाहरण दिलं, म्हणून त्याबद्दल. व्हँकुव्हरने या गोलरक्षकाशी २००९ मध्ये बारा वर्षांचा करार केला. तो तेव्हाच्या नियमांत बसत होता. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०१३ च्या करारात लीगने अशा लांबलचक करारांवर मागून दंड आणला, आणि लुआँगो २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा व्हँकुव्हरच्या पगारमर्यादेतून सलग तीन हंगाम दरवर्षी सुमारे तीस लाख डॉलर कापले गेले. मोठी लीग मागच्या तारखेने नियम लावते तर आपण का नाही, असा त्यांचा सवाल. सवालाला धार आहे, हे मान्य. पण उरलेली गोष्टही सांगा. तो बदल महिनोन्महिने टाळेबंदी चालून, अर्धा हंगाम वाया जाऊन, वाटाघाटींतून झाला. संघांना सुटकेची वाटही दिली होती: पगारमर्यादेवर भार न पडता दोन-दोन करार मोडून टाकायची मुभा, दोन उन्हाळ्यांत केव्हाही. आम्हाला सुटकेची कुठली वाट दिली? आणि इतकं असूनही व्हँकुव्हरमधल्या माणसाला त्या दंडाबद्दल विचारून बघा. त्याचा राग अजून गेलेला नाही. एनएचएलच्या इतिहासातला जो निर्णय सगळ्यात जास्त अन्यायाचा वाटला, तोच समितीने कित्ता म्हणून गिरवायला घेतला आहे.

आता गोलरक्षकांबद्दल. या नियमात सगळ्यात वाईट भाग हाच आहे आणि ज्याने हॉकी पाच वर्षं तरी पाहिली आहे त्याने तो लिहूच नये असा आहे. गोलरक्षक उशिरा पिकतो, हे या खेळात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जॉर्डन बिनिंग्टनला सेंट लुईसने २०११ मध्ये निवडलं. तो खऱ्या अर्थाने वर आला जानेवारी २०१९ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, आणि त्याच जूनमध्ये स्टॅनली कप जिंकला. इगोर शेस्त्योर्किन २०१४ चा, चौथ्या फेरीतला. न्यूयॉर्कसाठी पहिला सामना २०२० मध्ये, चोवीस वर्षांचा असताना. दोन वर्षांनी सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी. इल्या सोरोकिनही त्याच ड्राफ्टमधला, आला तो २०२१ मध्ये, पंचविशीत. टोरंटोकरांना तर लांब जायची गरज नाही. जोसेफ वॉल २०१६ मध्ये निवडला गेला, बोस्टन कॉलेजात खेळला, मग टोरंटोच्या एएचएल संघाकडे, मार्लीजकडे, राहिला. आमच्यापैकी कितीतरी जणांनी त्याला कोलिझियममध्ये खेळताना पाहिलं आहे. मेपल लीफ्ससाठी हंगामातले सर्वांत जास्त सामने तो उभा राहिला ते २०२४-२५ मध्ये. नवा नियम तेव्हा असता तर या चौघांनाही ते नावारूपाला येण्याआधीच सोडून द्यावं लागलं असतं.

आणि हे फक्त जुन्या नावांचं नाही. आर्टर्स शिलोव्हस हा लॅटव्हियाचा गोलरक्षक व्हँकुव्हरने २०१९ मध्ये सहाव्या फेरीत, १५६ व्या क्रमांकावर निवडला. आमच्या सहापैकी एका मॅनेजरने तो तेव्हापासून मायनरमध्ये ठेवला आहे. त्याबद्दल त्याने काय काय ऐकून घेतलं, ते त्यालाच माहीत. या जूनमध्ये शिलोव्हसने ॲबट्सफर्डला एएचएलचा कॅल्डर कप जिंकून दिला आणि बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जुलैमध्ये तो पिट्सबर्गकडे गेला. तिथे त्याला खरी संधी आहे. एनएचएलचे साखळी सामने त्याच्या नावावर वीससुद्धा नाहीत, म्हणजे जुन्या नियमाने तो आरामात मायनरमध्ये बसतो. पण तो चोवीस वर्षांचा आहे. सहा वर्षं ज्याची राखण केली तो गोलरक्षक पहिल्यांदा गुण देण्याच्या बेतात असताना ३० सप्टेंबरला सोडायचा, आणि आठवडाभराने दुसऱ्या कुणीतरी बोली लावून उचलायचा. हा योगायोग आहे असं आम्ही धरून चालतो. पण मग दुरुस्ती करायला इतका विरोध कशासाठी?

किरिल कप्रिझोव्हची गोष्ट आमच्या लीगमध्ये सगळ्यांना पाठ आहे. मिनेसोटाने तो २०१५ मध्ये पाचव्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर घेतला. वर्षामागून वर्षं तो रशियातच. आमच्याकडच्या एका मॅनेजरने त्याला धरून ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये कप्रिझोव्ह पहिला सामना खेळला, जादा वेळेत विजयी गोल केला, आणि त्या हंगामात ५५ सामन्यांत ५१ गुण करून कॅल्डर ट्रॉफी जिंकला. त्या पहिल्या सामन्याच्या रात्री लीगमधल्या प्रत्येकाने त्या मॅनेजरला फोन केला होता, समितीतल्या तिघांनीही. पदार्पणाच्या वेळी कप्रिझोव्ह तेवीस वर्षांचा होता. तुमच्या नियमाने तो त्या हंगामाच्या आधीच सुटला असता.

वयाच्या अटीचं आणखी एक. १ ऑगस्टपासून कॅनडाच्या ज्युनिअर लीगांत खेळलेल्या पोरांना अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार उघडलं आहे. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये ज्याचं नाव सगळ्यांत वर घेतलं जातं तो गॅव्हिन मॅकेना मेडिसिन हॅट सोडून पेन स्टेटला चालला आहे. त्याच्यासारखा थोड्याच दिवसांत वर जाईल, पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतली पोरं आता कॉलेजात जास्त वर्षं काढतील आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी व्यावसायिक होतील. नेमकं याच वर्षी तेविशीला कात्री लावायची, यात अभ्यास कुठे दिसतो?

मतदानाबद्दल स्पष्ट लिहितो. बैठकीत बाजूने आठ, विरोधात सहा. नियमावलीत लिहिलं आहे की नियमबदलाला दोन-तृतीयांश मतं हवीत. चौदा संघांत ती दहा होतात. समिती म्हणते ती अट फक्त गुणपद्धतीच्या बदलाला आहे, यादीच्या बदलाला नाही. असं कुठेही लिहिलेलं नाही. चार वर्षांपूर्वी मुख्य यादी पंचवीसवरून तेवीसवर आणली तेव्हा दहा मतं मिळवूनच ती आणली होती, आणि ती पुढच्या हंगामापासून लागू झाली होती. त्या सभेचा कागद आमच्याकडे आहे. त्यावर सही केलेल्यांत समितीतले दोघं आहेत.

सहा जणांत एक मुलगी आहे, कॉलेजात शिकणारी. दोन वर्षांपूर्वी एका मॅनेजरने लीग सोडली. शेवटच्या क्रमांकाचा तो संघ कुणी घ्यायला तयार नव्हतं, तेव्हा आपणच तिला गळ घातली. तिच्या वडिलांसमोर बसून कमिशनरांनी तिला सांगितलं होतं की घाई करू नकोस, पोरं जमव, चार वर्षांनी बघ. तिने शब्दशः ते केलं. हाताशी असलेले दोन-तीन बरे खेळाडू विकून निवडी घेतल्या, एएचएलचे सामने बघितले, युरोपातल्या लीगांचे आकडे वहीत उतरवून ठेवले, आणि आज तिची मायनर यादी चौदा संघांत सगळ्यात चांगली आहे. मुख्य यादीत मात्र तिच्याकडे काही नाही. नव्या नियमाने सगळ्यात जास्त नुकसान तिचं होतं. बैठकीत ती बोलायला उभी राहिली तेव्हा तिला ‘तू नवीन आहेस’ म्हणून खाली बसवलं गेलं. ज्यांनी तिला वाट पाहायला सांगितलं त्यांनीच तिच्या तोंडाला पानं पुसली. आमच्या लीगमध्ये घडलेली ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि तिची माफी मागितली जावी ही आमची मागणी अटींच्या पलीकडची आहे.

आम्ही बदलाच्या विरोधात नाही, हे समजून घ्या. बारा जागा फार आहेत, असं आमच्यापैकी तिघांनाही वाटतं. काही संघ मायनरमध्ये अशी नावं वर्षानुवर्षं अडवून ठेवतात ज्यांनी एनएचएलचा नाद केव्हाच सोडला आहे, आणि त्यामुळे नव्या मॅनेजरला उचलायला काही उरत नाही, ही तक्रार खरी आहे. युरोपात कायमचे स्थायिक झालेल्यांसाठी काही मुदत असावी. स्केटरचे सामने ८२ वरून खाली आणायचे तर त्यावरही बोलू. यातलं काहीही दहा मतांनी मंजूर झालं आणि पुढच्या ड्राफ्टपासून लागू झालं, तर आम्ही ते पाळू, आमच्या विरोधात गेलं तरी पाळू.

आमच्या अटी अशा. १ ऑगस्ट २०२५ रोजी जो खेळाडू ज्या संघाच्या मायनरमध्ये होता, तो जुन्या नियमाने मायनरमधून बाहेर पडेपर्यंत तिथेच राहील, आणि त्याचा ट्रेड झाला तर हा हक्क त्याच्याबरोबर जाईल. नवा नियम, मग तो कोणताही असो, २०२६ च्या ड्राफ्टमध्ये निवडलेल्यांपासून लागू होईल. त्यासाठी नव्याने मतदान होईल आणि दहा मतं लागतील. बोली रद्द होईल. हे सगळं लेखी, कमिशनरांच्या सहीने, चौदाही मॅनेजरांना एकाच वेळी कळवलं जाईल. फोनवर दिलेला शब्द आम्ही धरणार नाही.

१५ सप्टेंबरचा दिवस टोरंटोच्या घड्याळाने संपला आणि असं पत्र आलेलं नसलं, तर पुढे काय होईल हेही आजच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी आम्हाला कल्पना नव्हती म्हणू नये. आम्ही सहा जण एकही खेळाडू सोडणार नाही. कुणी आमच्या यादीला हात लावून खेळाडू काढले, तर त्या क्षणापासून आमचे संघ लीगमध्ये नाहीत. आमची या वर्षीची वर्गणी खजिनदारांकडे जमा आहे. त्यांनी ती कशासाठीही खर्च न करता वेगळी ठेवावी, १६ तारखेला आम्ही ती परत मागू. आमच्या २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीच्या कितीतरी निवडी तुमच्यापैकी चौघांकडे आहेत, ट्रेडमध्ये मोजून घेतलेल्या. संघच नसेल तर निवडही नाही. त्या चौघांनी ३ ऑगस्टला हात वर करताना याचा विचार केला होता का, हे त्यांनी एकमेकांना विचारावं. आणि आमचे खेळाडू जो बोलीत उचलेल त्याच्याशी आमच्यापैकी कुणीही, इथे किंवा दुसऱ्या कुठल्या लीगमध्ये, पुन्हा ट्रेड करणार नाही.

उरलेल्या आठ संघांनी लीग चालवावी. आमची हरकत नाही. आम्ही सहा जण आमच्या आजच्या याद्या आणि जुनी नियमावली घेऊन ७ ऑक्टोबरला एनएचएलचा हंगाम सुरू व्हायच्या आत नवी लीग उभी करू. दोन मॅनेजर आमच्याकडे यायला आजच तयार आहेत. एक मिसिसागातला, दुसरा पुण्याला परत गेलेला, जो टोरंटोचा सामना बघायला पहाटे साडेचारला, हिवाळ्यात साडेपाचला उठतो.

ज्या आठ जणांनी बाजूने मत दिलं त्यांच्यातल्या काहींना आम्ही ओळखतो. त्यांना नियम पूर्ण वाचायला मिळाला नव्हता, तो बैठकीतच वाचून दाखवला गेला, असं त्यांनी आम्हाला सांगितलं आहे. त्यांना आमचं सांगणं एवढंच की तुमचं मत अजूनही तुमच्या हातात आहे. समितीला चार ओळी लिहून ते मागे घ्या, आणि त्याची एक प्रत आम्हाला पाठवा. आठचे सात झाले तरी बहुमत उरत नाही, आणि समितीला दुसरी बैठक बोलवावीच लागेल. ती बैठक १५ तारखेच्या आधी कुठल्याही दिवशी ठेवा, आम्ही सहाही जण येऊ.